छोट्या डॉक्टरांचा तास

“आई गं, मेले!” शर्वाणी वर्गात आडवी पडून ओरडत होती. भूकंपाच्या सरावात आज जखमी व्हायची पाळी तिची होती.

“पाय मोडलाय तुझा, घसा नाही,” छोटे डॉक्टर म्हणाले. मुले खिदळली. “आधी जो गप्प पडलाय त्याच्याकडे जा. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो.”

मुले धावली. मागच्या बाकावर सत्तरीचे डॉक्टर नाडगौडा जळफळत बसले होते. समोरच्या पडद्यावरचे छोटे डॉक्टर म्हणजे तेच होते, बावीस वर्षांपूर्वी आठवणींसकट उतरवून यंत्रात ठेवलेले. केस काळे, आवाज न थकणारा. डॉक्टरांचा शनिवारचा तास कायमचा छोट्या डॉक्टरांना द्यायचा का, हे मुख्याध्यापिका आज ठरवणार होत्या. डॉक्टर त्यांची चूक शोधत होते, पण ती सापडत नव्हती.

“डॉक्टर, तुम्ही कधी चुकलात?” शर्वाणीने उठून विचारले.

“अजून तरी नाही,” छोटे डॉक्टर हसले.

ते खरे होते. चूक त्यांना यंत्रात उतरवल्याच्या पुढच्या वर्षी, खऱ्या डॉक्टरांकडून झाली होती. भूकंपाच्या ढिगाऱ्यातला ओरडणारा आवाज त्यांच्या जुन्या पेशंटचा होता, म्हणून डॉक्टर आधी तिकडे धावले. शेजारी गप्प पडलेली अनोळखी मुलगी तेवढ्यात गेली.

डॉक्टर पुढे आले. त्या निर्धास्त हसण्याचा त्यांना जेवढा हेवा वाटला, तेवढा काळ्या केसांचाही वाटला नव्हता.

“बाई, आधी यांना बंद करा,” ते दाराशी उभ्या मुख्याध्यापिकांना हळूच म्हणाले. “यांना हे कळायला नको.”

मग ते मुलांकडे वळले. “मी चुकलोय, बाळांनो. बसा, सांगतो.”