चौथी पाचर

"करवत आण. एक घाव दोन तुकडे," वरच्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला.

"पलंगाला हात लावायचा नाही. दाराची चौकट काढू," थोरला म्हणाला.

"म्हणजे भिंत फोडणार? एका पलंगापायी?"

खाली कारखान्यात म्हातारा सुतार खुर्चीत बसून ऐकत होता. दवाखान्यातून आल्यापासून त्याची जागा ही खुर्ची. उजवा हात मांडीवर पडलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या हत्यारासारखा. जिना चढणं आता होणार नव्हतं, म्हणून त्याचा पलंग खाली आणायचं ठरलं, आणि पलंग दारातून निघेना. सुतारांच्या घरातला पलंग सुतारांनाच बाहेर काढता येईना. गल्लीला हसायला तेवढं पुरे होतं.

पलंग त्याने लग्नाआधी त्या खोलीतच जोडला होता. मुलं तेव्हा जन्मायची होती. सरस लावून तो कायमचा पक्का केलाय, असं मुलं धरून चालली होती. तसं नव्हतं. गादीखाली, आतल्या अंगाला, चार कोपऱ्यांत चार पाचरी होत्या. त्या काढल्या की पलंग सुटा. फक्त पॉलिशचे थर चढून चढून त्या लाकडात मिसळून गेल्या होत्या.

हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. डॉक्टर म्हणालेही होते, बोलत राहा, जीभ वळेल. पण घरी आल्या आल्या त्याने पाणी मागायला जाऊन खिळा मागितला, आणि दोघा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेनंतर तो 'हो' नि 'नाही'वर आला. पुढे मुलांनी विचारणंच सोडलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीला कोण विचारतं?

जिन्यावर पावलं वाजली. थोरली सून खाली आली आणि खुर्चीसमोर उकिडवी बसली.

"बाबा, वर दोघांची जुंपलीय. माघार कुणी घेईना. तो पलंग सुटतो कसा?"

त्याने नुसती मान हलवली.

"मला मानेतलं कळत नाही. सांगा."

वर करवत कशावर तरी आपटली.

"पा..." शब्द अडकला. "पाणी."

सून उठली नाही. "पाणी नकोय तुम्हाला. दुसरं काहीतरी म्हणायचंय. मी बसलेय."

त्याने डोळे मिटले. ओठ दोनदा हलले.

"पाचर," तो म्हणाला. "चार. गादीखाली."

"मग त्यांना सांगा की. माझं ऐकणारेत होय ते?"

म्हाताऱ्याने मान जिन्याकडे वळवली. आवाज आधी घोगरा निघाला, मग त्याचा त्यालाच ओळखीचा वाटला.

"करवत ठेव खाली, गाढवा."

वर करवत जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"गादी काढा. आतल्या अंगाला पाचरी. लाकडी हातोडी घ्या. हळू. घाई केली तर फुटतील."

थोड्या वेळाने ठकठक सुरू झाली. मग दोघा भावांचं हसणं ऐकू आलं, कितीतरी दिवसांनी. आणि मग थोरल्याने वरून विचारलं, "बाबा, तीन निघाल्या. चौथ्या कोपऱ्यात नुसतंच भोक आहे."

"असं कसं? मीच बसवली."

"मग गेली कुठे?"

सून उठून उभी राहिली. तिने खिशातून अंगठ्याएवढा लाकडाचा तुकडा काढला आणि त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला. एका टोकाला पॉलिश नुकतंच खरवडलेलं होतं.

"सकाळी गादी झाडताना दिसली, काढून बघितली होती," ती हळूच म्हणाली. "आता ती कुठे गेली, तेही तुम्हीच सांगा त्यांना."