वरचं बटण

“आधी काही आजार? ऑपरेशन?” दातांच्या डॉक्टरांनी हातमोजे चढवत विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. याआधीच्या दोघांनी शर्वीची हृदयाची फाइल बघूनच हात जोडून परत पाठवलं होतं. इकडे दुधाच्या दाढेत पू झालेला, पोरीला घास चावता येईना. म्हणून आज फाइल घरी ठेवली आणि तिला गळाबंद फ्रॉक घातला.

डॉक्टरांनी चिमटा उचलला.

“थांबा, काका!” शर्वीने वरचं बटण सोडून छातीवरचा ताजा व्रण ऐटीत दाखवला. “माझ्या हृदयाला ठिगळ लावलंय. दाताला हात लावण्याआधी औषध घ्यायचं असतं, नाहीतर जंतू तिकडे जातात. आई विसरली वाटतं.”

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडली, परत लावली.

“तिच्या हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर द्या,” ते म्हणाले. “त्यांना विचारून औषध देतो. तासाभराने दाढ इथेच काढू.”

बाहेर बाकावर बसल्यावर माझा हात आपसूक तिच्या बटणाकडे गेला.

“राहू दे ना गं, उकडतंय,” ती म्हणाली.

मी ते उघडंच राहू दिलं.