लाजऱ्यांचा गट

इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथपाल कमळ मॅडमनी पहिल्या वर्षाच्या मुलांचे स्वभाव बघून दोन गट केले होते. कपाटातलं पुस्तक कसं शोधायचं ते बोलक्यांना त्या प्रश्न विचारत शिकवायच्या, लाजऱ्यांना जवळ बसवून हळू आवाजात. खर्डीचा विपुल कशालाच उत्तर द्यायचा नाही, म्हणून तो लाजऱ्यांत. तरी तो दोन्ही गटांच्या तासाला येऊन बसायचा, अगदी समोर, आणि मॅडमच्या ओठांवरची नजर काढायचा नाही.

"नजर बरी नाय त्या पोराची," शिपाई धर्मा म्हणाला. "प्रिन्सिपल सरांच्या कानावर घाला, मॅडम."

मॅडमनाही तेच वाटू लागलं होतं. पदर सावरत त्या म्हणाल्या, "सोमवार जाऊ दे. मंगळवारी त्याचं इथं येणंच बंद करायला सांगते."

चातुर्मासातल्या सोमवारी दुपारपर्यंत त्यांचं मौन असे. त्या सकाळी दोन्ही गट एकत्र बसवून त्यांनी नुसत्या खुणांनी दाखवलं, कुठलं कपाट, कितवा कप्पा, केवढं पुस्तक. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. विपुल सरळ उठला आणि नेमकं तेच पुस्तक घेऊन आला.

मॅडमचा संशय आणखी वाढला. त्यांनी चिठ्ठीवर लिहून त्याच्यापुढे धरलं, 'तुला आधीच कोणी सांगून ठेवलं होतं?'

"कोणी नाय, मॅडम," विपुल जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला. "आज तुमचं मौन ना. आज सगळ्यांनाच माझ्याएवढं ऐकू आलं."