डायल टोन

फोनने मघाशी एकदा बारीक टिणटिण केली. रश्मी धडपडत उठली, पण पुढे काहीच नाही. तेव्हापासून तो गप्प होता.

फ्रान्समधल्या विद्यापीठाचा फोन तीन ते चारच्या दरम्यान यायचा होता. संशोधनाची एकच जागा. मुलाखत फोनवर, तीही फ्रेंचमध्ये. चारपर्यंत बोलणं झालं नाही तर दुसऱ्या उमेदवाराला विचारू, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

फ्रेंच ती शिकली होती ती माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरच्या फुकटच्या धड्यांतून. आज दुपारीच तिने नेट बंद केलं होतं. घरात लाईन एकच. नेट चालू असलं की बाहेरून फोन लागत नाही.

शेजारच्या बनुबाई दारात आल्या. "सुमनबाई, नेवाशाला एक फोन लावू का? जावयाला."

"आज न्हाई," आई उंबऱ्यातच उभी राहिली. "पोरीला फ्रान्सचा फोन यायचाय."

"इतक्या लांबनं यायचा म्हंजी येळ लागंलच की. तवर माजा हुतो."

"न्हाई म्हनलं ना, बाई."

बनुबाई पुटपुटत गेल्या. रश्मी मनातल्या मनात उत्तरं घोळवत होती. नाव, गाव, विषय इथवर नीट जमत होतं. तुम्हाला इथेच का यायचं आहे, याचं उत्तर मध्येच तुटत होतं.

लाईन बंद तर पडली नसेल? उचलून बघावं. पण आपण उचलला आणि नेमका तेव्हाच त्यांनी लावला, तर त्यांना एंगेज लागेल. तिने हात पुढे केला, मागे घेतला. चार वाजत आले तेव्हा मात्र तिला राहवेना. तिने रिसीव्हर कानाला लावला.

डायल टोन नव्हता. नुसता खरखराट. नेट चालू असताना लाईनवर येणारा तो आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता.

"आई, आप्पा कुठायत?"

"तुला तरास नको म्हनून वर जाऊन बसल्यात."

ती जिना चढून गेली. आप्पा दाराकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले होते, कानांवर हेडफोन. ती शिकत असताना ते रोज शेजारी स्टुलावर बसायचे. कुठे क्लिक करायचं, हे त्यांनी नुसतं बघून उचललं होतं.

"ज मापेल रखमाजी," ते सावकाश म्हणाले. माझं नाव रखमाजी. पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

चाहूल लागून ते वळले. हेडफोन एका कानावरून सरकवला आणि लाजून हसले.

"तिकडं तुला भेटाया आलो, तर चार शब्द यायला नको व्हय?" ते म्हणाले. "तू जा, खाली फोनपाशी बस. तुजा फोन वाजला की मी लगीच बंद करतो."