चालते आजोबा

"एकदा काढा, हजारदा वापरा!" ॲनिमेशनचं काम झटपट कसं उरकावं, याचा एक व्हिडिओ पाहून साहेब अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊनच स्टुडिओत आले.

ॲनिमेशन करणाऱ्या ताईंनी जाहिरातीतल्या आजोबांची चाल नुकतीच पुरी केली होती. हात पाठीशी, डावा गुडघा जरा दुखरा, थेट ताईंच्या वडिलांसारखा. साहेबांनी तीच पावलं सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली आणि हरखले. "ताई, आजोबा चालायला लागले की! आता तुमचं इथे काय काम?" ताईंनी आपलं डिजिटल पेन पर्समध्ये टाकलं आणि घर गाठलं.

पुढे साहेबांनी तीच पावलं जोडून केलेली जाहिरात गिऱ्हाइकाला दाखवली. दारात नात हात पसरून उभी. आजोबा आले, नातीच्या आरपार गेले, सोफ्यातून गेले आणि भिंतीतून पलीकडे दिसेनासे झाले.

साहेबांचा घाईघाईने फोन. "अहो ताई, नातीला मिठी मारायची होती ना! हे थांबत का नाहीत?"



"थांबतील कसे, साहेब? तुम्ही मला घरी पाठवलंत, तेव्हा ते नुकते कुठे चालायला शिकले होते."