नवव्या ओळीतला नंबर

स्क्रीन चौथ्यांदा काळी पडली. ड्रायव्हरकाकांनी वहीतल्या पाचव्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.

"काका, सोडा ना नाद. यंत्रालाही वय असतं," सलाईन बदलता बदलता सिस्टर म्हणाली.

"चौतीस वर्षं बस चालवली, सिस्टर. घाटात बंद पडली म्हणून कधी टाकून आलो नाही."

पलंगावरचा पोरगा डोळे मिटून पडला होता. त्याची मोटारसायकल दुभाजकावर आदळली त्याला बेचाळीस दिवस झाले होते. मोठ्या हॉस्पिटलातून इकडे हलवला तेव्हा फाइलवर परदेशातल्या बहिणीचा फोन नंबर तेवढा होता. भेटायला येणारे एकटे काकाच. पहिल्या दिवशी सिस्टरनंच रजिस्टरात नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहून टाकलं आणि काकांनी गुपचूप सही केली. तेव्हापासून रोज सकाळी दहाला स्वारी हजर. पलंगापासून हातभर लांब, स्टुलावर. बोलायचे कमी, आणि घरचं काही विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

डॉक्टर राउंडला आले की मात्र यांचा एकच प्रश्न. "शुद्धीवर आल्यावर याला सगळं आठवेल ना?"

"आठवायला हरकत नाही," डॉक्टर म्हणायचे. "ओळखीचे आवाज ऐकवत राहा."

म्हणून हा जुना गेमचा कन्सोल आला होता. काकांनी तो भिंतीवरच्या टीव्हीला जोडला, पण आतली डिस्कच फिरेना. रिपेअरवाल्यानं हात वर केले. म्हणे, पार्ट मिळत नाही. पण एक जुगाड आहे. मेमरी कार्डावरून लोडर नावाचा प्रोग्रॅम सुरू करायचा, तो पेन ड्राइव्हवरून गेम उचलतो. डिस्क लागतच नाही. "आतलं सगळं पुसून नव्यानं टाकून देतो, दहा मिनिटांचं काम."

पुसायचं नाव काढताच काकांनी कन्सोल छातीशी धरला आणि तडक दुकानाबाहेर पडले. शेवटी त्या भल्या माणसानंच रस्त्यात गाठून, काही न पुसता करायची पद्धत वहीत लिहून दिली. आठ ओळी. त्यांच्याखाली नवव्या ओळीत नुसता एक फोन नंबर होता, काकांच्या अक्षरात.

"हा कुणाचा हो?" सिस्टरनं विचारलं.

"काम झालं की त्यांना कळवायचंय."

रिपेअरवाल्याचा असेल, असं तिनं धरलं.

"आणि आतलं पुसलं तर असं काय आभाळ कोसळतं?"

"फुटबॉलचा सामना आहे आत. दोघांचा, अर्धवट राहिलेला. तो गेला तर परत कुठून आणू?"

"एक हा. दुसरा कोण?"

"आमच्या घरातला."

दुसरा रिमोट रुमालात गुंडाळून त्यांनी मांडीवर ठेवला होता. सिस्टरनं उचलायला हात पुढे केला, तशी त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग स्वतःच ओशाळले.

"काकूंना आणा ना एकदा. आईचा आवाज ऐकून बरं वाटेल त्याला."

"ती यायची नाही. याच्याकडे बघवत नाही तिला."

सिस्टरनं पोराचं पांघरूण सारखं केलं. "इतकी वर्षं तुम्ही लोकांना सुखरूप घरी पोचवलंत, आणि तुमच्याच पोराच्या वाट्याला हे. दैव बघा."

"दैव नाही, सिस्टर. दारू."

पोटच्या पोराबद्दल असं म्हणताना बापाला काय होत असेल, या विचारानं सिस्टरचे डोळे भरले. नाक पुसून तिनं काकांनी मागून आणलेला लॅपटॉप पुढे ओढला. कार्ड उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो काका, डब्यात डबा झालाय! फोल्डरच्या आत परत तोच फोल्डर. लोडर आत कोंडलाय, मशीनला सापडणार कसा?"

तिनं आतलं बाहेर काढलं. काकांनी कार्ड खाचेत सरकवलं आणि श्वास रोखला. निळा पडदा, पांढरी यादी. मशीननं विचारलं, आतली मेमरी साफ करू? तीनदा वाचून काकांनी 'नाही' दाबलं.

गेम सुरू झाला. सामना जागेवर होता. दोन-दोन, एक्याऐंशीवं मिनिट, वर कोपऱ्यात दोन नावं. काका उठून टीव्हीपाशी गेले आणि दुसऱ्या नावावरून बोट फिरवून आले. मग पहिला रिमोट त्यांनी सिस्टरला पोराच्या पंजात ठेवायला लावला.

तीन दिवस ती शिट्टी आणि तो प्रेक्षकांचा गलका खोलीत घुमत राहिला. वॉर्डात सगळे वैतागले, पण सिस्टरनं कुणाला आवाज कमी करू दिला नाही. म्हातारा देव पाण्यात घालून बसलाय, म्हणाली, त्याला बसू दे.

चौथ्या दिवशी दुपारी पोराचा अंगठा रिमोटवर हलला. मग पापण्या उघडल्या. नजर आधी टीव्हीकडे गेली, मग स्टुलाकडे. तिथं थांबली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काका…" तो पुटपुटला.

सिस्टर हसता हसता रडायला लागली. "अरे वेड्या, बाप आहे तो तुझा! माझं ऐकून ऐकून तूही काकाच म्हणायला लागलास?"

काका हसले नाहीत. पुढेही आले नाहीत. "याला सगळं आठवतंय का, विचारा," एवढंच म्हणाले.

तिनं विचारलं. पोरानं कशीबशी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

काकांनी कन्सोल बंद केला. कार्ड काढून खिशात टाकलं, रुमालाची गाठ घट्ट केली. मग वही उघडून नवव्या ओळीतला नंबर फिरवला.

"हवालदारसाहेब," ते म्हणाले, "जबाब घ्यायला या. माझा मुलगा ज्याच्या मागे बसून मेला, तो शुद्धीवर आलाय."