बैठ्या गटातले दत्तोपंत

"काका, सच सांगा. व्यायाम करताय ना तुम्ही?"

कृतिकाने कागद टेबलावर त्यांच्याकडे फिरवला. धारच्या दवाखान्यातली एवढीशी खोली, कोपऱ्यात वजनकाटा, आणि खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकलेले दत्तोपंत. कागद इंग्रजीत होता, पण एका आकड्याभोवती लाल गोल होता. लाल गोल कुठल्याही भाषेत वाईटच.

"नाही," दत्तोपंत म्हणाले. "देवीची शपथ."

कृतिकाचा अभ्यास बारा आठवड्यांचा. साठीपुढची चाळीस माणसं, दोन गट. एका गटाने रोज तासभर चालायचं, दुसऱ्याने व्यायामाचं नाव काढायचं नाही. दत्तोपंत दुसऱ्यात, बैठ्या गटात. पहिल्याच दिवशी तिने सगळं समजावलं होतं. स्नायू कामाला लागले की रक्तात एक द्रव्य सोडतात, आयरिसिन. ते चरबीपर्यंत निरोप नेतं, की बसून काय राहिलीस, जळायला लाग. असं म्हणतात, आणि खरं की खोटं तेच तपासायचं होतं. दत्तोपंतांना हे फार आवडलं. चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस तो. अंगातल्या अंगात का होईना, कुणीतरी कुणाला काही कळवतंय याचंच त्यांना अप्रूप.

त्यांना स्वतःला काही कळवणारं कुणी उरलं नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. गाव मनावर नावाच्या तालुक्याच्या गावाअलीकडे, डोंगराच्या पोटाशी. तिथे मराठी बोलणारं घर आता त्यांचं एकच, आणि त्या घरातही बोलायला दुसरं कुणी नाही. मुलगा धवल बंगळुरूला. "बाबा, तुमचा फोन लागतच नाही," असं म्हणत म्हणत त्याने करायचंच सोडलं. अकराला करून बघ म्हटलं, तर अकराला त्याची मीटिंग.

कृतिकाचा मात्र लागायचा. रोज, अकराच्या ठोक्याला.

"काका, आज व्यायाम नाही ना केला?"

"नाही केला."

"जेवलात?"

"जायचंय जेवायला."

"ठीक. ठेवते."

झालं, एवढंच. पण या एवढ्याशासाठी दत्तोपंतांची सकाळ नऊपासून सुरू होई. दाढी, इस्त्रीचा सदरा, पायात बूट. फोनवर बोलायला बूट कशाला, असं विचारायला घरात होतं कोण? अकराची वेळही त्यांनीच मागून घेतलेली. "आधी नको हं बेटा, बरोब्बर अकराला कर."

"मग हे काय आहे?" कृतिकाने लाल गोलावर पेन टेकवलं. "चालणाऱ्या गटातसुद्धा कुणाचं आयरिसिन इतकं वाढलं नाही. कमर दोन इंच उतरली, मांड्या भरल्यात. फोनवर तर तुम्हाला नेहमी धाप लागलेली असते. मी समजले, वय आहे."

"वयच आहे."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. पायजम्याची नाडी हल्ली चार बोटं जास्त ओढावी लागे, तेव्हा त्यांनी एकट्याच्या स्वयंपाकाला बोल लावला होता. बसस्टँडवरचा चहावाला परवा म्हणाला, "क्या भिया, जवान हो रहे हो." ते त्यांनी थट्टेवारी नेलं.

"काका, कुणी नियम मोडला तर त्याचं नाव काढावं लागतं."

नाव गेलं की फोन गेला. घड्याळात अकरा वाजतील आणि साडेअकराही वाजतील, आणि मधे काहीच होणार नाही. दत्तोपंतांनी घाईघाईने सदऱ्याची बाही वर केली.

"पुन्हा रक्त घे. हवं तर दोन्ही हातांचं घे. अगं, सकाळी पूजा, मग तुझा फोन, मग जेवण, मग झोप. बसण्याशिवाय मला दुसरं आहे काय?"

कृतिकाला त्यांच्याकडे बघवेना. तिला हे आजोबा आवडत. चाळीस जणांत हे एकटेच तिला उलट विचारत, तू जेवलीस का म्हणून. पण अभ्यास तिच्या एकटीचा नव्हता, वर सर होते. "रिपोर्ट खोटा कसा म्हणू, काका?" ती म्हणाली आणि यादीतल्या नावावर आडवी रेघ मारली.

दत्तोपंतांनी ती रेघ पाहिली. बाही खाली केली, बटण लावलं. एकदा नाही लागलं, दुसऱ्यांदा लागलं.

"म्हणजे उद्यापासून फोन नाही."

"नाही काका."

ते रागावले नाहीत. काठी घेऊन उठले, दारापर्यंत गेले, आणि एखादं काम अंगावरचं कमी झाल्यासारखं म्हणाले, "बरं. मग आता टेकडीवर जायचंही कारण उरलं नाही."

"टेकडीवर? कशाला जात होता?"

"खाली गावात रेंज आहे कुठे, बेटा? ती वर, देवीच्या देवळापाशी. रोज तीनशे दहा पायऱ्या चढून जायचो, व्यायाम केला नाही म्हणून तुला सांगायला."